वाचकांचे प्रश्न : कायद्याच्या अध्यापकाने संशोधन कशावर करावे?

प्रश्न : मी नाशिकच्या एका विधी महाविद्यालयात सहायक प्राध्यापक आहे. पदोन्नतीसाठी शोधनिबंध लागतात, म्हणून अनेक जण शुल्क घेऊन आठवडाभरात निबंध छापणाऱ्या नियतकालिकांकडे वळतात. त्यांत बहुधा निवाड्यांचे सारांशच असतात. याहून उपयोगाचे संशोधन इथे राहून करता येईल का? ते मराठीत लिहावे का?

उत्तर : जरूर करता येईल, आणि मराठीतही लिहावे.

अध्यापकांच्या लेखणीने कायदा बदलल्याचे उदाहरण आपल्याच राज्यातील आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यातील पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये निर्दोष ठरवले. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. भीतीपोटी शरण जाणे म्हणजे संमती देणे नव्हे, हा त्यांचा मुद्दा निवाड्यातील पुराव्यावरच उभा होता. देशभर आंदोलन झाले आणि १९८३ च्या दुरुस्तीने, पोलीस कोठडीसारख्या प्रसंगी पीडितेने संमती नव्हती असे सांगितल्यास न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, अशी तरतूद आली. ते पत्र मोठा ग्रंथ नव्हता. एका नेमक्या प्रश्नावर केलेला काटेकोर युक्तिवाद होता.

असे प्रश्न आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत. सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतील वनहक्कांचे दावे घ्या. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला प्रत्यक्ष ताब्याइतक्या, जास्तीत जास्त चार हेक्टर जमिनीवर हक्क मिळू शकतो. २०१२ मध्ये सुधारलेले नियम सांगतात की दावा फेटाळताना कारणे द्यावीत, निर्णय दावेदाराला प्रत्यक्ष कळवावा म्हणजे त्याला साठ दिवसांत दाद मागता येईल, आणि उपग्रह छायाचित्र इतर पुराव्याला पूरक मानावे, त्याची जागा घेणारे नव्हे. आता पाहण्यासारखे हे, की उपविभागीय समितीच्या निर्णयपत्रात ही कारणे खरोखर कशी लिहिली जातात. एकच ठरीव ओळ प्रत्येक पत्रात येते का? गावातील वडीलधाऱ्यांच्या जबाबाचा, जो नियमांनुसार पुरावाच आहे, त्यात उल्लेख तरी असतो का? माहितीच्या अधिकारात निर्णय मागवावेत, दावेदारांची संमती घ्यावी, नावे झाकावीत आणि एका तालुक्यातील पत्रे एकेक करून वाचावीत. महाविद्यालयाच्या विधी सहाय्य केंद्रातील विद्यार्थ्यांना सोबत घ्यावे. त्यांच्यापैकी कोणाला कोकणा बोली येत असेल, तर कागदावर न उतरलेली हकीकतही समजेल. शिकवण्याच्या तासांतून हे काम सावकाशच होईल, पण दुसऱ्याच्या निबंधावरून ते लिहिता येत नाही, हेच त्याचे मोल आहे.

शुल्क घेऊन तातडीने छापणाऱ्यांविषयी माझे मत स्पष्ट आहे : तिथे लेखन वाया जाते आणि लेखकाचे नावही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी बंद केल्यामुळे नियतकालिकाची पारख आता महाविद्यालयांनी आणि आपणच करायची आहे; संपादक मंडळ कोणते आणि निबंध तज्ज्ञांकडून खरोखर तपासला जातो का, एवढे आधी पाहावे. वाङ्मयचौर्याची धास्ती मात्र अवाजवी नको. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार साम्य मोजताना कायद्यांचा मजकूर वगळला जातो आणि दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. कलम अचूक उद्धृत करावे. ते आपल्या शब्दांत फिरवून लिहिल्याने अर्थच बिघडतो.

इंग्रजी निबंध अवश्य लिहावा, कारण उच्च न्यायालयात इंग्रजी चालते. परंतु ग्रामसभेचे ठराव आणि तालुका कचेरीतील पत्रव्यवहार मराठीत असतो, तेव्हा तेच निष्कर्ष मराठीत स्वतंत्रपणे लिहावेत. तो मसुदा छापण्याआधी एखाद्या गावच्या वनहक्क समितीच्या सदस्याला वाचायला द्यावा आणि ते जिथे अडतील, ते वाक्य पुन्हा लिहावे.