आधी वर्ग ठरवा, मग पदविका

प्रश्न : मी बी.एससी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. लहान मुलांना शिकवायला मला आवडते, म्हणून बी.एड. करून जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका व्हावे असा विचार आहे. हा मार्ग योग्य आहे का?

उत्तर : आवड योग्य आहे, मार्ग मात्र तपासून घ्यावा लागेल. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये दिलेल्या निकालानुसार पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. ही पात्रता ग्राह्य धरली जात नाही. तिथे दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका, म्हणजे जुन्या पिढीच्या तोंडी असलेले 'डी.एड.', लागते. बी.एड. केल्यास सहावीपासून पुढच्या वर्गांचा विचार करावा, आणि विज्ञानाची पदवी तिथे अधिक उपयोगी पडेल, असे माझे मत आहे.

आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण व्हावी लागते. खुल्या प्रवर्गाला त्यासाठी 150 पैकी 90 गुण हवेत. त्यानंतर अभियोग्यता चाचणी आणि 'पवित्र' या शिक्षकभरतीच्या सरकारी पोर्टलवरील निवड. घरच्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा : निवड झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात, आणि 2023 मधील वाढीनंतरही ते प्राथमिकला दरमहा 16,000 व माध्यमिकला 18,000 रुपये एवढेच आहे.

अर्ज भरण्यापूर्वी गावातल्या शाळेत मुख्याध्यापकांच्या परवानगीने पंधरा दिवस शिकवून पाहा. चाळीस मुलांसमोर उभे राहिल्यावर आवडीची खरी परीक्षा होते.