अमेरिकेहून पुण्यात मुलगी दत्तक घ्यायला येतोय, सात वर्षांचा मुलगाही सोबत आहे. तयारी काय करावी?

आधी मनापासून अभिनंदन! परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा. २०२२ पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, पण त्यानंतर जन्मदाखला, पासपोर्ट, काराचं (केंद्र सरकारची दत्तक संस्था) कन्फर्मिटी सर्टिफिकेट म्हणजे दत्तक आंतरराष्ट्रीय नियमांनुसार झाल्याचा दाखला, मेडिकल, व्हिसा अशी रांग असते. एक कागद अडला की पुढचं सगळं थांबतं. त्यामुळे प्रत्येक कागदावर तिचं नाव आणि जन्मतारीख हातात पडताक्षणी तपासा. आयएच-३ व्हिसावर (परदेशातच दत्तक पूर्ण झालेल्या मुलांचा अमेरिकी व्हिसा) ती तुमच्यासोबत राहायला अमेरिकेत पोचली की नागरिकत्व आपोआप मिळतं, तो ताण घेऊ नका.

खरी तयारी मात्र तिची करायची. संस्थेतल्या ताईंना बारीकसारीक विचारा: वरण-भात किती पातळ खाते, थोपटून झोपते की मांडीवर, हाक कशी मारतात. तिचं रोजचं पांघरूण मिळालं तर न धुता घ्या, ओळखीच्या वासाने पोरं शांत होतात. तुमचे फोटो आधीच पाठवून ठेवा, ताई तिला रोज दाखवतील.

ती मराठी ऐकत वाढली आहे. मुलाला "ये", "पाणी हवं?", "मी तुझा दादा" एवढं तरी बोलता यायला हवं. पहिल्या भेटीत सगळं लक्ष तिच्याकडे असेल, म्हणून त्या दिवशी मुलाजवळ तुमच्यापैकी एकाने थांबायचंच. आजी-आजोबा, मावशी सगळे उत्सुक असतील, तरी पहिला आठवडा घरात गर्दी नको. नातेवाइकांना हे भारतात उतरण्याआधीच फोनवर सांगा, म्हणजे ऐनवेळी कुणाचं मन दुखावणार नाही.