'जाड माणूस भाजला की वाचत नाही', हे खरं आहे का?

प्रश्न: माझी वहिनी, वय ३६, वजन ९० किलो, गॅसजवळ साडीने पेट घेतला आणि ३० टक्के भाजली, आज दहावा दिवस. शेजारचे म्हणतात जाड माणूस भाजला की वाचत नाही. आई फक्त पेज पाठवते, अंडं दिलं तर जखमेत पू होतो म्हणते, शिवाय वजन उतरलं तर बरंच ना? खूप भीती वाटते.

उत्तर: ताई, आधी शेजाऱ्यांचं मनातून काढून टाका. भाजलेल्या माणसाचा धोका मोजायची जुनी पद्धत आहे, वय अधिक भाजल्याचे टक्के, म्हणजे वहिनींचे ६६, आणि फुप्फुसात धूर गेला असेल तर वर १७ धरतात; आकडा जितका मोठा तितका धोका जास्त. त्यात वजन नाहीच.

पण वजनाचा काहीच संबंध नाही असंही नाही. पहिल्या दिवशीचं सलाईन वजनावरच ठरतं, ४ मिली गुणिले किलो गुणिले टक्के, वहिनींचं जवळजवळ ११ लिटर होतं, त्यातलं निम्मं भाजल्यापासून पहिल्या ८ तासांत. जाड माणसाला हा हिशोब जास्त होऊ शकतो, छातीत पाणी भरतं, पोट फुगून घट्ट होतं, म्हणून सिस्टर तासातासाला लघवीची पिशवी बघून सलाईन कमी-जास्त करतात. तो टप्पा वहिनींनी पार केलाय हो! आता सांभाळायचं ते इन्फेक्शन, शुगर, श्वास आणि पायात होणाऱ्या रक्ताच्या गुठळ्या, आणि हे चारही जाड माणसात जास्त त्रास देतात हे खरं. खूपच लठ्ठ माणसांना धोका वाढतो, तसा हडकुळ्या माणसालाही, कारण त्याच्याकडे साठाच नसतो.

आणि आईंना नीट समजवा. भाजलेलं शरीर आतून भट्टीसारखं पेटलेलं असतं, ते नुसती चरबी जाळत नाही, दंडा-मांडीचं मांस खातं, अंगावर सूज असली की काट्यावर ते दिसतही नाही. शरीरातलं मांस १० टक्के जरी घटलं तरी इन्फेक्शनशी लढायची ताकद कमी होते. वजन उतरवायची ही वेळ नाही!! अंड्याने पू होत नाही, पू जंतूंमुळे होतो. मोठ्या भाजण्यात किलोमागे दीड ते दोन ग्रॅम प्रोटीन लागतं (जाड माणसाचा हिशोब डाएटिशियन वेगळा धरतात), आणि वाटीभर पेजेत ते नावालाच असतं.

उद्या वॉर्डात डाएटिशियनना गाठा, किडनीचे रिपोर्ट ठीक आहेत ना विचारा, आणि हो म्हणाले की डब्यात पेजेऐवजी दोन उकडलेली अंडी, घट्ट वरण, पनीर द्या, जात नसेल तर नळीने द्यायला नाही म्हणू नका.