एचआर म्हणतंय, 'राजीनामा दे, नाहीतर काढून टाकू.' आयटीत सहा वर्षं झाली. देऊ का राजीनामा?

त्या मीटिंगमध्ये लगेच देऊ नका. 'विचार करून मेलवर कळवतो' एवढंच म्हणा आणि उठा. राजीनामा दिलात की कागदोपत्री तुम्ही स्वखुशीने गेलात. मग नोकरकपातीची भरपाई मागणं अवघड होतं. कायद्यात छाटणीसाठी एक महिन्याची नोटीस (किंवा तेवढा पगार) आणि दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार आहे. मात्र हे 'कामगार' व्याख्येत बसणाऱ्यांना. मॅनेजर असाल तर ऑफर लेटरमधली कलमं बघावी लागतील. हुद्दा नुसता नावाला 'मॅनेजर' असेल तर गोष्ट वेगळी. प्रत्यक्ष काम काय करता ते पाहिलं जातं. कामगार वकिलाला एकदा कागद दाखवाच.

ग्रॅच्युइटी मात्र दोन्ही बाजूंनी तुमचीच. पाच वर्षं झालीत, राजीनामा दिला तरी मिळते. हिशेब सोपा: मूळ पगार (महागाई भत्ता असल्यास धरून; बाकीचे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर तो वरचा भागही धरून) गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. हा पगार 52,000 धरला तर सहा वर्षांचे 1,80,000. 'सेटलमेंट पॅकेज' म्हणून हेच पैसे पुन्हा दाखवतात, तेव्हा आकडे सुटे करून मागा.

लॅपटॉप जमा करण्याआधी पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16, अप्रेझलचे मेल घरच्या मेलवर घ्या. कंपनीचा कोड किंवा क्लायंटच्या फायलींना हात लावू नका, उगाच त्यांना निमित्त मिळतं. आणि हो, आईवडील ग्रुप मेडिक्लेममध्ये असतील तर शेवटच्या दिवसाआधीच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची चौकशी करा.