लाइन जाते, फाइल राहिली पाहिजे
वाचकांचे प्रश्न : संगणक

प्रश्न : समुद्रपूर तालुक्यातल्या गावात आमचं कृषी केंद्र आहे आणि दुसरं दुकान हिंगणघाटला. दोन्हीकडे उबुंटू (लिनक्स) आहे. बिलांचे स्कॅन आणि हिशेब मिळून ६० जीबी होतात. रात्री ते हिंगणघाटच्या संगणकावर टाकायला लावतो, पण मध्येच लाइन (वीज) जाते आणि सकाळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. यावर उपाय काय? शिवाय पासवर्ड कोणी पाहू नये.

उत्तर : माउसने फोल्डर ओढून टाकणं आधी बंद करा आणि एसएसएचवरून, म्हणजे दोन संगणकांमधल्या कुलूपबंद जोडणीवरून, आरसिंक चालवा. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये आणलेलं हे साधन मंद नेटसाठीच बेतल्यासारखं आहे. ते दोन्हीकडच्या फाइलचा आकार आणि बदलाची वेळ पाहतं. दोन्ही जुळले की फाइल सोडून पुढे जातं. जुळले नाहीत, तर त्या फाइलचे तुकडे ताडून जेवढे वेगळे तेवढेच पाठवतं. त्यामुळे पोहोचलेल्या फाइल पुन्हा जात नाहीत. अर्धवट राहिलेली फाइल मात्र एरवी फेकली जाते, म्हणून ‘पार्शल’ हा पर्याय लावा. ‘टाइमआउट’ १२० सेकंद ठेवा, नाहीतर तुमच्याकडची लाइन गेल्यावर पलीकडचं टोक उगाच वाट पाहत बसतं. हिंगणघाटची लाइन गेली, तर पार्शलही कामाचं नाही. तिथे टिंबाने सुरू होणारी लपलेली अर्धी फाइल उरते, ती हाताने काढावी लागते.

पहिली खेप नेटने पाठवूच नका. अपलोडचा वेग २ एमबीपीएस धरला, तर ६० जीबीला जवळपास ६७ तास लागतील, तेही लाइन एकदाही न जाता. हार्ड डिस्कवर प्रत घ्या आणि एसटीने हिंगणघाटला न्या. डिस्क लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी. त्या डिस्कवर आणि तिथून पुढच्या संगणकावर उतरवतानाही आरसिंकचा ‘आर्काइव्ह’ पर्याय वापरा, म्हणजे फाइलच्या मूळ तारखा टिकतात. साध्या कॉपीत सगळ्यांवर आजची तारीख पडते, आणि मग पहिल्या रात्री आरसिंक दोन्हीकडचे ६० जीबी वाचून ताडत बसतं. ‘कम्प्रेस’ पर्यायाचा स्कॅनला उपयोग नाही. जेपीजी आधीच दाबलेली असते.

पासवर्डऐवजी किल्ल्यांची जोडी करा, ईडी२५५१९ प्रकारची. खाजगी किल्ली गावच्या संगणकावर राहते, सार्वजनिक किल्ली हिंगणघाटच्या ‘ऑथराइज्ड कीज’ फाइलमध्ये जाते. त्या फाइलची परवानगी ६०० आणि ती ज्या फोल्डरात आहे त्याची ७०० ठेवा, म्हणजे दोन्ही फक्त मालकालाच उघडतात. इतरांना तिथे लिहायची मुभा राहिली तर एसएसएच किल्ली मानतच नाही आणि कारणही धड सांगत नाही. काम रात्री आपोआप चालायचं, म्हणजे किल्लीला पासफ्रेज (तिचा स्वतःचा पासवर्ड) ठेवता येणार नाही. म्हणून त्याच फाइलमध्ये किल्लीच्या आधी ‘रिस्ट्रिक्ट’ हा शब्द आणि ‘आरआरसिंक’ची आज्ञा लिहून तिला एका फोल्डरापुरती बांधून टाका. मग किल्ली चोरीला गेली तरी चोराचा हात त्या फोल्डरापलीकडे जात नाही. पहिल्या जोडणीला एसएसएच पलीकडच्या संगणकाचा फिंगरप्रिंट (ओळखखूण) दाखवतं. फोनवरून हिंगणघाटला विचारून जुळवा, आंधळेपणाने ‘यस’ करू नका.

आता चुका होतात त्या जागा. मूळ फोल्डरच्या नावाच्या शेवटी तिरपी रेघ दिली, तर फक्त आतला माल जातो. न दिली, तर तो फोल्डरच पलीकडच्या फोल्डरात जाऊन बसतो. याला मुळात नसलेलं पलीकडून पुसणाऱ्या ‘डिलीट’ पर्यायाची जोड मिळाली की घात होतो. समजा, स्कॅन बाहेरच्या डिस्कवर आहेत आणि लाइन आल्यावर ती डिस्क जोडलीच गेली नाही. आरसिंकला मूळ फोल्डर रिकामा दिसतो आणि हिंगणघाटचा सगळा माल ते इमानेइतबारे पुसून टाकतं. म्हणून स्क्रिप्टमध्ये डिस्क जोडलेली आहे का ते आधी तपासा, ‘मॅक्स-डिलीट’ची मर्यादा, समजा ५०, घाला आणि पहिल्यांदा ‘ड्राय-रन’ (काही न बदलता नुसती चाचणी) करून यादी वाचा.

ठरल्या वेळी काम चालवणारं क्रॉन रात्री २ वाजता लावलं आणि तेव्हा लाइन नसली, तर ती पाळी गेली ती गेलीच. त्याऐवजी उबुंटूतल्याच सिस्टमडीच्या टायमरला ‘पर्सिस्टंट’ लावा, म्हणजे संगणक सुरू होताच चुकलेलं काम होतं. हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडं असताना त्याचा डेटा उचलू नका, प्रत अर्धी जुनी अर्धी नवी होते. त्याच सॉफ्टवेअरमधून बॅकअप फाइल काढा आणि ती पाठवा.

हिंगणघाटचं नेटही मोबाइलचंच असेल, तर बाहेरून तिथे पोहोचता येत नाही, कारण एकच सार्वजनिक पत्ता कंपनी अनेक ग्राहकांत वाटते. तिथे फायबर घेऊन स्थिर आयपी (न बदलणारा सार्वजनिक पत्ता) मागा.

प्रश्न : धारणीजवळच्या शाळेत दोन लॅपटॉप सिंकथिंगने जोडले आहेत. एकावरून निकालपत्रकाचा फोल्डर चुकून पुसला, तो दुसऱ्यावरूनही गेला. हा कसला बॅकअप?

उत्तर : तो बॅकअप नव्हताच. सिंकथिंगचं काम दोन्हीकडे सारखं ठेवणं, आणि पुसणं हाही त्याच्या लेखी एक बदलच. फोल्डरच्या सेटिंगमध्ये ‘फाइल व्हर्जनिंग’ (जुन्या प्रती राखणं) मुळात बंद असतं, ते दोन्ही लॅपटॉपवर सुरू करा. जिथे पुसलं तिथे जुनी प्रत उरत नाही, पलीकडच्या लॅपटॉपवर उरते, म्हणून दोन्हीकडे. खरा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या आणि काम झालं की डिस्क काढून कपाटात ठेवा. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत नको.

प्रश्न : विंडोजवरून लिनक्सवर पाठवताना काही मराठी नावांच्या फाइल ‘नाव फार लांब’ म्हणून अडतात. काही नावं तर दोनदा दिसतात.

उत्तर : लिनक्सच्या ईएक्सटी४ डिस्कवर नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे ८५ चिन्हं, काना-मात्रा-हलन्त धरून. ‘शेतकऱ्यांची’ यात डोळ्याला पाच अक्षरं दिसतात, पण चिन्हं ११ आणि बाइट ३३. विंडोजमध्ये तेच ११ मोजले जातात, म्हणून तिथे अडत नाही. दोनदा दिसण्याचा दोष बहुधा याच ‘ऱ्या’चा असतो. काही कीबोर्ड त्यासाठी नुक्त्याचा ऱ आणि हलन्त टाकतात, काही साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला सारखं, संगणकाला वेगळं. एकाच कीबोर्डवर नाव पुन्हा टाइप करा, पण त्याआधी दोन्ही फाइल उघडून पाहा, कारण मजकूर एकसारखा असेलच असं नाही.

प्रश्न : आमच्या सेवा केंद्रात लोकांची कागदपत्रं असतात. एसएसएचने पाठवली की झाली ना सुरक्षित?

उत्तर : वाटेपुरती. पोहोचल्यावर ती डिस्कवर उघडीच पडतात. तिकडची डिस्क लिनक्सच्या लक्स पद्धतीने एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करा आणि पासफ्रेज कागदावर लिहून दुसऱ्या ठिकाणी ठेवा, कारण तो हरवला तर डिस्क तुमच्यासाठीही बंद.