आजोबांनी आणलेला शिंपला: खडकावरचा मोठा स्कॅलप

आपल्या तारवटी (खलाशी) आजोबांनी कॅलिफोर्नियाहून मुरगावला आणलेला हा जड शिंपला कालवाचाच आहे का, असे आपण विचारले आहे. छायाचित्रे पाहता तो कालव नसून खडकावरचा मोठा स्कॅलप (पंख्यासारख्या शिंपल्यांच्या गटातला प्राणी), म्हणजे क्रॅसाडोमा जायगँटिया, आहे असे माझे मत आहे. जुन्या पुस्तकांत तो हिनाइटीस या प्रजातीत आढळेल.

बाहेरचा भाग जाड, वेडावाकडा आणि भोकाभोकांचा असल्यामुळे कालवाचा भास होणे साहजिक आहे. ही भोके बहुधा क्लायोना नावाच्या, शिंपले पोखरणाऱ्या स्पंजाची आहेत आणि ओळखीसाठी त्यांचा उपयोग नाही. आतून मात्र बिजागरीलगत गडद जांभळा डाग स्पष्ट दिसतो. आपल्याकडच्या कालवांच्या काही जातींतही जांभळा रंग असतो, पण तो स्नायू शिंपल्याला जोडलेला असतो तिथल्या खुणेवर असतो, बिजागरीपाशी नव्हे.

त्याहून भरवशाची खूण बिजागरीजवळच्या टोकाशी शोधावी. हा प्राणी लहानपणी झडपांची, म्हणजे शिंपल्याच्या दोन भागांची, उघडझाप करून पोहतो, सुमारे अडीच सेंटिमीटरचा झाल्यावर मात्र उजवी झडप खडकाला कायमची चिकटवतो, आणि पुढची वाढ खडकाच्या उंचसखलपणाप्रमाणे होत जाते. त्यामुळे टोक झिजलेले नसेल तर तेथे बालपणीचा पंख्यासारखा नेटका शिंपला आणि त्याचे दोन ‘कान’ अजूनही ओळखता येतात. कालव डावी झडप चिकटवते आणि त्याला असे कान नसतात. स्पाँडिलस हा काटेरी शिंपलाही उजव्याच झडपेने चिकटतो, म्हणून खरा घोटाळा त्याच्याशी होऊ शकतो. परंतु त्याच्या बिजागरीत एकमेकांत अडकणारे ठसठशीत दात असतात, आणि आपल्या छायाचित्रात केवळ त्रिकोणी खळगा आहे.

वर्णन लिहिताना झडप डावी की उजवी हे आधी ठरवावे, मग बिजागरीपासून समोरच्या कडेपर्यंतची उंची, तिला काटकोनात लांबी, आणि टोकाजवळच्या कंगोऱ्यांची स्थिती नोंदवावी. ही जात 25 सेंटिमीटरपर्यंत वाढू शकते, तेव्हा मोठ्या आकाराने बिचकू नये. व्हिनेगर किंवा ॲसिडने साफ करणे टाळावे, कारण कॅल्शियम कार्बोनेट विरघळून नेमके टोकच नष्ट होते.

प्राप्तिस्थानाच्या रकान्यात मुरगाव लिहू नये. ही जात उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याची, कॅनडापासून मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियापर्यंतची आहे; म्हणून ‘कॅलिफोर्निया, घरच्यांच्या सांगण्यावरून’ अशीच नोंद करावी आणि आजोबांच्या बोटीच्या कागदपत्रांत बंदराचे नाव सापडल्यास ते जोडावे.