ठाण्यात सोळा वर्षांच्या भाच्याची सिगारेट सोडवायला फुकट मदत कुठे मिळेल?

१८००-११-२३५६ वर फोन लावा, पण बोलू द्या भाच्यालाच. केंद्र सरकारची ही टोल फ्री लाइन २०१६ पासून चालू आहे, मराठीतही बोलतात. नंबर सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो, त्या भयानक चित्राजवळ. आपण बघत नाही इतकंच. मी घोडबंदर रोडला शाळेत शिकवतो, दोन-तीन पोरांना स्वतः फोन लावून दिलाय. पोरांना ‘कधी ओढतोस, कोणाबरोबर?’ विचारलं की उत्तर जवळपास ठरलेलं: क्लास सुटल्यावर, टपरीवर, कटिंगसोबत. म्हणजे निम्मी सवय टपरीचीच. पहिला आठवडा भाच्याचा क्लासहून येण्याचा रस्ताच बदला. तलफ येते ती पाच-दहा मिनिटांत ओसरते, तेवढ्यापुरते खिशात चणे किंवा बडीशेप असू दे. अठराच्या आतल्या पोराला सिगारेट विकणं किंवा शाळेपासून १०० यार्डांच्या आत विकणं २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. सोसायटीच्या लेटरहेडवर पोलीस ठाण्यात अर्ज द्या, टपरीवाल्याशी एकट्याने हुज्जत नको. फक्त निकोटिनचं च्युइंगगम मेडिकलमधून परस्पर आणू नका. या वयात ते डॉक्टरांना विचारूनच.